रियालचा भाव आणि नागपूरचा एक दिवस

हिंगणघाटहून नागपूर फार लांब नाही. जांबचा चौक, मग बुटीबोरीचे कारखाने, आणि पाहता पाहता एसटी गणेशपेठ स्थानकात शिरते. शाबानच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही नवरा-बायको खालांना घेऊन निघालो. यंदा त्यांचे नाव हजच्या यादीत आले आहे. खालू गेल्यापासून त्या पेन्शनमधून महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकत आल्या. उरलेला हप्ता तेवढा भरायचा होता, आणि तोच आमच्या हिशेबापेक्षा मोठा निघाला होता.

भालदारपुऱ्यातल्या हज हाऊसमध्ये आमच्यासारखीच गर्दी होती. हातात प्लास्टिकच्या पिशव्या, त्यात पासपोर्टच्या झेरॉक्स. कागद दाखवून झाल्यावर बाकावर शेजारी बसलेल्या एका निवृत्त मास्तरांनी पाकिटाच्या मागच्या बाजूवर आकडे मांडून दाखवले. मक्का-मदिनेतली राहण्याची सोय, मिना-अरफातचे तंबू, तिथल्या बसेस, हा सगळा खर्च रियालमध्ये. रियाल १९८६ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला पावणेचार रियाल. म्हणजे आपला रुपया डॉलरपुढे घसरला की रियालपुढेही तेवढाच घसरतो. २०२२ च्या सुरुवातीला डॉलर ७५ रुपयांच्या आसपास होता, तेव्हा रियाल २० रुपयांना पडत होता. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने नव्वदी ओलांडली, रियाल २४ झाला. दहा हजार रियालमागे चाळीस हजार रुपये जास्त. सौदीत कुणी एक रियालही वाढवला नाही, तरी!

विमानभाड्यावरची सबसिडी २०१८ मध्ये बंद झाली. तिच्याबद्दल आमची तक्रार नाही, हज स्वतःच्या पैशाने करायचा असतो. पण स्वतःचा पैसा डब्यात ठेवल्या जागी लहान होत जातो, हे खालांना कुणी सांगितले नव्हते.

कमी पडणारी रक्कम आम्ही देतो म्हणालो. खाला म्हणाल्या, "उसने घेऊन हज कशाला, बेटा? ज्याला ऐपत आहे त्याच्यावरच अल्लाहने फर्ज केला आहे." मग त्यांनी हातातली एक बांगडी फिरवत विचारले, "इतवारी इथून किती दूर?"

इतवारीच्या सराफ्यात दुपारीसुद्धा पाय ठेवायला जागा नसते. सराफाने बांगडी घासून पाहिली, तोलली, घट वजा केली आणि आकडा सांगितला. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. हप्ता भागून वर काही उरत होते. ही बांगडी खालांच्या निकाहातली. सोने बहुतेक सगळे बाहेरून येते, त्याचा भाव जगात डॉलरमध्ये ठरतो. जगात तो चढलाच आहे, त्यात रुपया उतरला की इथे आणखी चढतो. बँकेत जपलेले आटले आणि मनगटावर घासत राहिलेले वाढले. खालांना याचे नवल वाटले नाही. "निसाब कधी रुपयांत सांगतात का?" त्या म्हणाल्या. खरेच की. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम. रुपयांतला आकडा दर रमजानला नव्याने काढावा लागतो.

पैसे भरायला सदरला जायचे होते. वाटेत रिझर्व्ह बँकेची इमारत आणि जवळच झिरो माइलचा दगडी खांब लागतो. इथून कुठलाच समुद्र जवळ नाही, पण समुद्रापलीकडचा भाव इथे बरोबर पोहोचतो. याच रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये खास हाजींसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या वेगळ्या नोटा काढल्या होत्या. त्यांच्यावर 'हज' असा शब्द छापलेला असे आणि त्या सौदीतच चालत. तेव्हा आखातातही आपलाच रुपया चालायचा. कुवेत आणि बहरीनने आपापले चलन आधीच काढले होते. ६ जून १९६६ ला सरकारने डॉलरचा भाव ४.७६ वरून ७.५० रुपये केला, तेव्हा कतार आणि दुबईनेही रुपया सोडला. आज आपण तिथला रियाल मोजतो.

परतीच्या आधी मोमीनपुऱ्यात थांबलो. रमजानच्या तयारीने रस्ता भरला होता, खजुराच्या पेट्या रचलेल्या. दुकानदार म्हणाला, "भाव विचारू नका भाभी, माल दुबईवरून येतो, बिल डॉलरचे." इराकचा खजूर, कॅलिफोर्नियाचा बदाम, भजी तळायचे पामतेल, सगळ्यांची तीच कथा. त्याचा भाऊ मात्र दमामला आहे. तो पाठवतो तेवढेच रियाल घरी जास्त रुपये होऊन येतात आणि वरच्या मजल्याचा स्लॅब पडला, हे त्याने हसतच सांगितले.

आमच्या घरी कापूस आहे. रुपया उतरला की बाहेरचा कापूस महागतो, आपल्याला भाव मिळायला हवा. पण ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ११ टक्के आयात शुल्कच डिसेंबरअखेरपर्यंत माफ केले. शेतात टाकायचे पोटॅश मात्र परदेशातूनच येते, त्याला अशी माफी कुठली!

खालांनी अर्धा किलो खजूर घेतला. एरवी दोन किलो घेतात. एसटीत खिडकीशी बसून त्यांनी पावतीची घडी पासपोर्टच्या पिशवीत ठेवली, मग उरलेली एकच बांगडी डाव्या हातातून काढून उजव्या हातात घातली. बुटीबोरीपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, "ही तुझ्या मुलीची. हिला विकायला लावू नकोस."