बेदाण्याची एक पेटी

शीतगृहात आमचे काम काट्यावरचे. बेदाण्याची पेटी काट्यावर ठेवायची, आकडा वाचायचा, वहीत मांडायचा आणि पुढे ढकलायची. एक पेटी १५ किलोची. कवठे महांकाळ आणि तासगावच्या किती बागांचा माल आमच्या हाताखालून गेला याची गणती नाही. पण त्या काट्यावर आम्ही स्वतः कधी चढलो नव्हतो. २०२२ च्या मे महिन्यात हमाल पोरांनी गंमत म्हणून आम्हाला धरून उभे केले. काटा ९४ वर थांबला.

"अण्णा, सहा पेट्या आन वर चार किलो!" एकाने आरोळी ठोकली. सगळे हसले. आम्हीही हसलो.

घरी येता येता मात्र हसू मावळले. आमच्या वडिलांना साखरेचा आजार होता. पायाला चप्पल लागल्याचे निमित्त झाले. जखम महिनाभर तशीच राहिली आणि शेवटी मिरजेला नेऊन गुडघ्याखाली पाय काढावा लागला. त्यानंतर दोन वर्षांत ते गेले. त्यांचे वय तेव्हा ६१ होते. आमचे वय ४९, उंची साडेपाच फूट आणि वजन सहा पेट्या चार किलो. हिशेब करायला वही लागली नाही.

आठ दिवसांनी सरकारी दवाखान्यात रक्त तपासले. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी असते, तिचा आकडा ७.८ आला. साडेसहा किंवा त्याच्या वर आकडा गेला की मधुमेह धरतात. डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहून दिली आणि कमरेला टेप लावला. पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आत हवी, बाईची ८० च्या आत. आमची १०८ भरली. "काय काय खाता?" असे त्यांनी विचारल्यावर आम्ही म्हणालो, "काही नाही, दोन वेळचे जेवण." शेजारी बसलेल्या आमच्या मिसेसनी आमच्याकडे असे पाहिले की उरलेले सांगणे भाग पडले.

उरलेले असे होते. पाच वाजता सुट्टी झाली की पाय आपोआप स्टँडकडे वळत. दोन वडापाव, तळलेली मिरची, गोड चहा. आठवड्यातून तीनदा रात्री पोराबरोबर चायनीजच्या गाडीवर मंचुरियन. दूरदर्शनसमोर भडंग, नाहीतर वेफर्सची पुडी. दिवसभरात चहा सहा कप आणि दर कपात दोन चमचे साखर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगून ठेवले आहे की वरची साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. आमची चहातलीच पन्नासच्या पुढे जात होती.

वडापावाला आम्ही शिव्या देणार नाही. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो सुरू केला असे सांगतात. उभ्या उभ्या, चार पैशांत पोट भरणाऱ्या त्या घासावर मुंबईच्या कष्टकऱ्यांनी दिवस काढले. आमचे चुलतेही त्यांतलेच. पण एका वडापावात साधारण ३०० उष्मांक असतात. दिवसभर अंगमेहनत करणाऱ्याला ते पचतात. आम्ही आकडे वाचणारे! पेट्या उचलतात ती पोरे, आणि वडे खातो आम्ही.

आधी आम्ही सोपा रस्ता धरला. ओळखीच्या एकाने पावडरीचा डबा दिला. सकाळी आणि रात्री ती ढवळून प्यायची, दुपारी थोडे जेवायचे. दोन महिन्यांत चार किलो उतरले आणि पाच हजारांच्या वर पैसे गेले. डबा संपला तशी भूक दुप्पट होऊन परतली, आणि दिवाळीनंतर काट्याने ९५ दाखवले. पैसे गेल्याचे दुःख वेगळेच.

त्याच सुमारास एका शिबिरात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाविषयी ऐकले आणि कान टवकारले. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळे इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने खूप हलकी, तरी अंगात चरबी मात्र त्या मानाने जास्त, असे त्यांना दिसले. २००४ साली त्यांनी आपला आणि युडकिन या इंग्रज डॉक्टरमित्राचा फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात महायुद्धामुळे उपासमार झाली. तेव्हा आईच्या पोटात असलेल्या मुलांना पन्नाशीच्या सुमारास साखर पचवणे इतरांपेक्षा जड जात होते, असेही तिकडच्या डॉक्टरांनी दाखवून दिले आहे.

आमचा जन्म १९७३ च्या उन्हाळ्यातला. म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात आम्ही आईच्या पोटात होतो. ती दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि अमेरिकेहून आलेला लाल मिलो खात होती. कधी सुकडी मिळे. पोटात उपास सोसलेल्या देहाला पुढे वडापाव आणि साखर मिळाली की ती त्याला झेपत नाही, असा त्या संशोधनाचा आमच्यापुरता अर्थ. म्हणून सगळा दोष दुष्काळावर ढकलून आम्ही मोकळे झालो असे नव्हे. स्टँडवर आम्हाला दुष्काळाने नेले नव्हते. पण दुसऱ्याला एक वडा चालतो तो आपल्याला का चालत नाही, हे कोडे तेवढे सुटले.

खरी परीक्षा स्टँडवर नव्हतीच, ती घरात होती. आई आता पंच्याहत्तरीच्या घरात आहे. ताटात दोन भाकरी घेऊन आम्ही "बास" म्हणालो त्या रात्री तिने तिसरी टाकलीच. आम्ही ती उचलून परत टोपलीत ठेवली. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने चुलीपाशी डोळे पुसताना दिसली.

"आरं, तू पोटात असताना मी मिलो खाऊन खडी फोडली. शेजारच्या वाड्यातली उरलेली भाकर पदरात घेऊन आले. तवा एक भाकर जास्तीची मिळावी म्हणून जीव जायचा. आन आज तू ताट सारतूस?"

याला काय उत्तर देणार? आमच्या वस्तीत पोरगं अंगाने भरलं की आयाबाया दृष्ट काढतात. रोडपणा म्हणजे दैन्य आणि ढेरी म्हणजे चांगले दिवस, हे आमच्या पिढीच्या हाडात मुरले आहे. ताट सारणे म्हणजे आईचे सारे कष्टच सारणे. आम्ही तिच्याजवळ बसलो आणि वडिलांच्या पायाची आठवण काढली. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग काय खानार तू?"

दुसऱ्या दिवशी तिने हुलग्याचे माडगे केले. लसूण, मिरची घातलेले, पातळ आणि गरम. पुढे एकदा ताकातल्या कण्या केल्या. दुष्काळात नाइलाजाने खाल्लेले हे पदार्थ पुढे चार पैसे आल्यावर आमच्या घरातून हद्दपार झाले होते. पाहुण्यापुढे ठेवायची लाज वाटायची. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले तेव्हा शहरातल्या दुकानांत हीच ज्वारी चकचकीत पुड्यांत चढ्या भावाने दिसू लागली. आई म्हणाली, "बघ, आमची गरिबी इकत्यात." ज्वारी म्हणजे औषध नव्हे बरे का! चार भाकऱ्या खाल्ल्या तर साखर चढतेच. आम्ही दोनवर आलो आणि मटकी, हुलगा, पालेभाजी वाढवली.

पाच वाजताची तलफ मात्र सुटेना. बेसन तळल्याचा वास आला की पोटात काही नसल्यासारखे होई. नीट पाहिल्यावर कळले की बारा वाजता जेवण झाल्यावर पाचपर्यंत चहाशिवाय पोटात काहीच जात नव्हते. मग चार वाजता मूठभर फुटाणे आणि थोडे शेंगदाणे खिशातून काढू लागलो. अर्धी लढाई तिथेच जिंकली. उरलेल्या अर्ध्यासाठी रस्ता बदलला. स्टँडवरून न जाता मागच्या रस्त्याने चालत घरी. तरीही वास आलाच तर घड्याळ पाहायचे. तलफ चढते, टोकाला जाते आणि पंधरा-वीस मिनिटांत ओसरते. 'अनित्य' हा शब्द विहारात आम्ही वर्षानुवर्षे ऐकला होता, उमगला तो भज्याच्या कढईसमोर.

विहारातच एकदा कोसलराजा पसेनदीची गोष्ट निघाली. ती संयुत्त निकायात आहे. हा राजा एका वेळी द्रोणभर भात खाई. तसाच धापा टाकत तो बुद्धांकडे आला. जो जागरूक राहून माप ओळखून जेवतो त्याचे दुखणे कमी होते आणि म्हातारपण सावकाश येते, अशा अर्थाची एक गाथा बुद्धांनी सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली. रोज जेवताना त्याने ती म्हणायची आणि त्याबद्दल दिवसाला शंभर कहापण घ्यायचे. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला आणि अंगाने हलका झाला. बुद्धांनी त्याला उपाशी राहा म्हटले नाही, हे आम्हाला फार आवडले.

आमच्या धाकट्या लेकीलाही आवडले, पण वेगळ्या कारणाने. "पप्पा, सुदस्सन मी. एका आठवणीचे पाच रुपये." दुसऱ्या दिवसापासून आमचा हात टोपलीकडे गेला की ताटावरून आवाज येई, "पप्पा, नाळी!" मिसेस हसत. आई तर हात मागे घेई.

सतरा महिने लागले. मध्ये पुतण्याच्या लग्नात आणि १४ एप्रिलला जिलेबीपुढे आम्ही साफ हरलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा फुटाणे. रविवारी एक वडा अजूनही खातो, एकच, आणि बसून खातो. २०२४ च्या मे महिन्यात काट्याने ८० दाखवले. ९५ मधून १५ गेले. "अण्णा, एक पेटी उतारली!" पोरांनी पुन्हा आरोळी ठोकली. साखर ६.४ वर आली. गोळी बंद केलेली नाही, ती डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून निम्मी झाली आहे.

परवा लेकीने वही पुढे केली. आमच्याकडे तिचे ६१५ रुपये बाकी निघतात. आजीने साक्ष दिली आहे.