पालमला विमानांचे रंग पाहताना

दिल्लीदर्शनाच्या ठरीव यादीत लाल किल्ला असतो, कुतुबमिनार असतो, राजघाट असतो. पालमचे नाव त्यात क्वचितच सापडते. विमानतळाकडे धावणाऱ्या टॅक्सीतून उतरून भारतीय हवाई दलाच्या संग्रहालयात शिरणारे पाहुणे थोडेच. पण एकदा आत पाऊल टाकले की मुले हरखतात आणि वडीलमंडळीही नकळत लहान होतात. डोक्यावरून दर काही मिनिटांनी प्रवासी जेट गर्जत जाते, आणि खाली १९३० च्या दशकातले कापडी पंखांचे वॅपिटी मुकाट उभे असते. १९६७ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात हरिकेन, स्पिटफायर, टेम्पेस्ट, लिबरेटर, व्हॅम्पायर, नॅट अशी एकेकाळी आकाश गाजवलेली विमाने एका आवारात भेटतात.

गर्दीत अधूनमधून वेगळ्या नजरेचा एखादा पाहुणा दिसतो. इतर लोक विमानासमोर उभे राहून फोटो काढतात, हा विमानाच्या पोटाखाली वाकतो. इंजिनाच्या धुराने पत्र्यावर काळा पट्टा कुठून कुठवर ओढला असेल, रिवेटांच्या रांगा किती, पंखावरचे गोल निशाण कडेपासून किती अंतरावर, याकडे त्याचे सारे लक्ष. तो वैमानिक नसतो, अभियंता असेलच असे नाही. घरी संगणकावर विमान उडवण्याचा खेळ, म्हणजे फ्लाइट सिम्युलेटर, हा त्याचा छंद. त्या खेळातल्या विमानांना जुन्या युद्धविमानांचे अस्सल रंग चढवणे हा त्याहूनही मोठा छंद.

हा खेळ आता चांगलाच जुना झाला. मायक्रोसॉफ्टचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर १९८२ मध्ये आला, तेव्हा पडद्यावर चार रेघा आणि दोन रंग एवढाच संसार होता. आज तेच विमान पावसात ओले होते, उन्हात चकाकते. मात्र खेळाबरोबर मिळणारे विमान बहुधा एखाद्या ब्रिटिश किंवा अमेरिकन तुकडीच्या पोशाखात असते. ते भारतीय करायचे तर कुणीतरी बसून रंगवावे लागते.

ते रंगवायचे कसे? विमानाची संगणकी आकृती तयार करणारा तिची त्वचा सपाट उलगडून ठेवतो. शिंपी सदरा बेततो तेव्हा पाठ, पुढा, बाह्या असे तुकडे कापडावर मांडतो ना, अगदी तसेच. डावा पंख एका कोपऱ्यात, शेपटी दुसऱ्या, धडाचे दोन भाग मध्ये. या सपाट चित्रावर थरावर थर रंगवायचे. सर्वांत खाली मूळ रंग, त्यावर पत्र्यांचे सांधे, मग निशाणे आणि आकडे, शेवटी तेलाचे ओघळ, झिजलेल्या कडा, धुराचे डाग. चित्र आकृतीवर चढवले की खरी परीक्षा. हिरवा पट्टा धडावरून पंखावर जाताना बोटभर सरकला, तर चांगल्या चौकड्याच्या सदऱ्याची बाही तिरकी बसावी तसे दिसते. मग पुन्हा उसवा आणि पुन्हा शिवा. एका विमानावर कित्येक रविवार सहज खर्ची पडतात.

पण कष्टाचा भाग हा नव्हेच. अवघड असते ते रंग ठरवणे.

पंखावरच्या त्या गोल निशाणाचेच पाहा. त्याला राउंडेल म्हणतात. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय हवाई दलाची स्थापना झाली, आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड तळावर चार वॅपिटी विमानांनिशी पहिली तुकडी उभी राहिली. राज्य इंग्रजांचे, तेव्हा निशाणही त्यांचेच: निळा, पांढरा आणि मध्ये लाल ठिपका. पुढे जपानशी युद्ध पेटले आणि हा लाल ठिपका जिवावर बेतू लागला. जपानी विमानांवर लाल सूर्य असे. पापणी लवण्याच्या अवधीत गोळी झाडायची की नाही हे ठरवणाऱ्या वैमानिकाला दुरून लाल दिसले की शत्रू वाटे. म्हणून या आघाडीवरच्या दोस्तांच्या विमानांवरून लाल रंग पुसला गेला. उरले गडद निळे कडे आणि आत फिकट निळा ठिपका. १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिल्या तुकडीची हरिकेन विमाने लढली, तेव्हा पंखांवर हे निळे निशाण होते. त्या कामगिरीबद्दल अर्जनसिंगांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. पुढे ते हवाई दलाचे प्रमुख झाले आणि २००२ मध्ये मार्शल.

नवशिक्या रंगाऱ्याची पहिली चूक इथेच होते. देशाभिमानाच्या भरात तो इंफाळच्या हरिकेनवर तिरंगी गोल काढतो. दुसरा पुस्तकातले ब्रिटिश विमान पाहून लाल ठिपका काढतो. दोन्ही चूक. स्वातंत्र्यानंतर काही काळ या गोलात अशोकचक्र आले, आणि १९५० च्या सुमारास आजचे तिरंगी राउंडेल. त्यात बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि केंद्रात हिरवा. घाईत पुष्कळजण हा क्रम उलटा करून बसतात! मार्च १९४५ मध्ये मिळालेली ‘रॉयल’ ही उपाधीही २६ जानेवारी १९५० ला गळून पडली. म्हणजे तीन-चार इंची गोल काढण्याआधी विमानाचे साल, शक्य तर महिनाही, ठाऊक हवा. पालमच्या दालनांतून वॅपिटीपासून मिगपर्यंत चालत जाणाऱ्याला या देशाची राजवट कशी बदलली ते एका गोलातून वाचता येते.

मग पालमला जाऊन रंग उतरवून घेतले की काम झाले का? तेवढे सोपे असते तर काय हवे होते! संग्रहालयातली विमाने पुन्हा पुन्हा रंगवली जातात, नाहीतर दिल्लीचे ऊन आणि पावसाळा त्यांचा पत्रा खाऊन टाकील. आज दिसणारा हिरवा हा युद्धातला हिरवा असेलच असे नाही. नंतरच्या रंगाऱ्याला जो डबा मिळाला, त्यातलाही तो असू शकतो. म्हणून जाणकार इथे रंग पाहायला कमी आणि आकार पाहायला जास्त येतात. सांधे, झाकणे, नळकांडी, पायरीची जागा या गोष्टी खोटे बोलत नाहीत.

रंगासाठी जुने फोटो शोधावेत, तर तेही फसवे. त्या काळातली बरीच छायाचित्रे कृष्णधवल. काही जुन्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे, त्यामुळे लाल काळा उमटे आणि निळा फिकट पडे. इंफाळच्या विमानावरचा फिकट निळा ठिपका फोटोत चक्क पांढरा वाटतो. त्यात आणखी गंमत अशी की रंगाच्या डब्यावर लिहिलेली अधिकृत छटा आणि ब्रह्मदेशाच्या धावपट्टीवर सहा महिने उन्हात भाजलेली छटा यांत आते-मामे भावंडांइतकाच सारखेपणा. दोन रंगारी एकाच विमानाचे दोन रंग ठरवतात, आणि वाद हातघाईवर येतो.

जेट विमानांच्या बाजूला गेले की कहाणी बदलते. सुरुवातीला ही विमाने चकाकत्या धातूच्या रंगात होती. ६ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानी सेबर विमानांनी पठाणकोटच्या तळावर हल्ला करून जमिनीवर उभी असलेली विमाने जाळली, आणि चकाकी ही शोभा नसून आमंत्रण आहे हे कळून चुकले. १९७१ च्या युद्धाच्या वेळी मिग-२१ विमानांवर घाईघाईने हिरवे पट्टे चढले. कुठे रुंद फटकारे, कुठे वाघासारखे पट्टे, एका तुकडीचे दुसरीशी जुळत नाही. रंगाऱ्यांना ही विमाने भारी आवडतात, कारण इथे अधिकृत नकाशा नाही. हात जसा फिरला तसा रंग. नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात ज्यांची पिढीच्या पिढी बांधली गेली, ती मिग-२१ २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला निवृत्त झाली. आता तीही जुन्या विमानांच्या पंगतीत.

या साऱ्यांत मन सर्वाधिक गुंतते ते चार इंजिनांच्या लिबरेटरपाशी. शेपटीला दोन उभी पाती, एकशे दहा फुटांचा पंख, आणि अंगावर एचई ९२४ हा क्रमांक. अमेरिकेने अशी अठरा हजारांहून अधिक बाँबफेकी विमाने बांधली. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी आपल्याकडची अनेक लिबरेटर कानपूरला सोडून दिली. ती उसनवारीच्या करारावर मिळालेली, परत करायची किंवा नष्ट करायची होती, म्हणून पुन्हा उडू नयेत अशी त्यांची मोडतोड केली गेली. बंगलोरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने हा भंगाराचा ढीग पाहिला आणि त्यातून एकेक विमान उभे केले. कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ही डागडुजी केलेली धुडे कानपूरहून बंगलोरला उडवत नेली. नोव्हेंबर १९४८ मध्ये त्यांची पहिली तुकडी उभी राहिली. चाळीसच्या आसपास विमाने अशी जगली, आणि पुण्याच्या लोहगावहून सहाव्या तुकडीची लिबरेटर १९६८ पर्यंत समुद्रावर टेहळणी करीत राहिली. जगात इतरत्र ही विमाने केव्हाच वितळवली गेली होती.

साहजिकच परदेशी संग्रहालयांना लिबरेटर हवे झाले, की ते भारताकडे मागावे लागे. १९६९ मध्ये एक अमेरिकेत ॲरिझोनाला गेले, १९७४ मध्ये एक ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमला. १९८१ मध्ये विकत गेलेले एक अमेरिकेत १९८९ साली पुन्हा उडू लागले. तिथे त्याला नवा रंग मिळाला, मग दुसरा, आणि २००५ मध्ये तिसरा. ‘विचक्राफ्ट’ हे नाव रंगवून ते इंग्लंडहून जर्मनीवर बाँब टाकणाऱ्या एका प्रसिद्ध अमेरिकी विमानाचे रूप घेऊन मिरवू लागले. जी मोहीम त्याने कधी केलीच नाही, तिची निशाणी त्याच्या नाकावर. ॲरिझोनातल्या विमानावरही अमेरिकी वैमानिकांचे नाव आणि चित्र आले. आपल्या माणसांची आठवण जपण्याचा त्यांचा हेतू चांगलाच, त्याबद्दल राग धरायचे कारण नाही. पण ज्या देशाने भंगारातून उचलून वीस वर्षे उडवले, त्याच्या केशरी-पांढऱ्या-हिरव्या गोलाला त्या पत्र्यावर जागा उरली नाही, हे मनाला लागतेच.

आपल्याकडेही असे घडते, बरे का. २०१८ मध्ये ब्रिटनहून दुरुस्त होऊन आलेल्या डाकोटाला ‘परशुराम’ नाव आणि व्हीपी ९०५ हा क्रमांक मिळाला. तो क्रमांक २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैनिक घेऊन उतरलेल्या डाकोटाचा. पत्रा दुसऱ्याचा, नाव आपल्या विमानाचे. फरक इतकाच, की इथे ते उघडपणे स्मृती म्हणून सांगितले जाते.

संगणकावरच्या रंगाऱ्याला पत्रा लागत नाही, वेळ आणि चिकाटी लागते. पालमच्या लिबरेटरसमोर तास दोन तास घालवून तो घरी परततो, आणि खेळातल्या अमेरिकी लिबरेटरच्या नाकावरचे चित्र पुसून टाकतो. शेपटीवर एचईचा आकडा, पंखावर तिरंगी गोल. हिरवा मध्ये आहे ना, हे तो पुन्हा एकदा तपासतो. मग विमान लोहगावच्या धावपट्टीवर ठेवून चारही इंजिने सुरू करतो, आणि घाट ओलांडून कोकणच्या समुद्राकडे निघतो.