कौलूनचे तोतये

हाँगकाँग बेटावरून स्टार फेरीच्या बोटीत बसले, की थोड्याच मिनिटांत माणूस खाडी ओलांडून कौलूनच्या त्सिम शा त्सुई धक्क्याला लागतो. तेथून पाण्याच्या कडेकडेने पूर्वेला चालत गेले म्हणजे ब्रूस लीचा ब्राँझचा पुतळा भेटतो. उघडे अंग, पुढे आलेला हात, पाठीशी खाडी. २००५ साली, त्याच्या ६५व्या जन्मदिनी, हा पुतळा उभारला गेला. मी गेलो तेव्हा पुढ्यात ही गर्दी! नातवापासून आजोबांपर्यंत जो येई तो मुठी आवळून, डोळे वटारून तसाच उभा राही आणि घरचे माणूस फोटो काढी. आजोबांचे पोट काही आत जाईना. पण हौसेला मोल नसते.

या हौसेलाच एकेकाळी येथल्या निर्मात्यांनी मोल लावले. २० जुलै १९७३ रोजी ब्रूस ली याच कौलूनमध्ये वयाच्या ३२व्या वर्षी अचानक गेला. ‘एंटर द ड्रॅगन’ अमेरिकेत लागायला महिनाभर अवकाश होता. तो लागला आणि जगभर मागणी उसळली. पण माल देणाराच उरला नव्हता. मग मढ्याच्या टाळूवरचे लोणी खायला बाजार जमला.

आपल्याकडे पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उपटला, तो निदान आपल्या तोंडाने ‘मी भाऊ’ म्हणत आला. येथे तोतये घडवण्यात आले. हो चुंग-ताओ नावाचा तैवानचा एक कसरतपटू होता. त्याचा केला ‘ब्रूस ली’. ब्रह्मदेशात जन्मलेला हुआंग किन-लुंग झाला ‘ब्रूस ले’. कोरियातून आला ‘ड्रॅगन ली’. रोमन लिपीत नावातले एखादे अक्षर बदलायचे नाही तर गाळायचे, की झाले काम! आपल्या लिपीत पहिल्याच्या बाबतीत तेवढाही फरक उरत नाही. तेच केस, तसाच काळा चष्मा, लाथ मारताना तीच किंकाळी. चित्रे झटपट उरकायची आणि जाहिरातीत मात्र मेलेल्याचा चेहरा मोठा छापायचा.

कथांची तर बहारच होती. १९७७च्या ‘द ड्रॅगन लिव्ह्ज अगेन’मध्ये ब्रूस ली यमलोकी जातो आणि तेथे त्याला ड्रॅक्युला, जेम्स बाँड आणि पालक खाणारा पॉपाय भेटतो! दुसऱ्या एका चित्रात शास्त्रज्ञ त्याच्या प्रेतातून तीन नवे ब्रूस ली तयार करतात. हसून पोट दुखावे असा हा मामला.

‘गेम ऑफ डेथ’ पाहताना मात्र हसू येत नाही. हे चित्र ब्रूस लीने स्वतः १९७२ साली सुरू करून अर्धवट ठेवले होते. ते १९७८ साली पुरे झाले, तेही रस्त्यावरच्या निर्मात्याच्या हातून नव्हे, ज्या कंपनीने त्याला मोठे केले तिच्याच हातून. नायक बहुतेक वेळ तोतयाच. एका ठिकाणी तर आरशावर ब्रूस लीच्या मुखाचे कागदी चित्र चिकटवून वेळ मारून नेली आहे. कथेत नायक मेल्याचे सोंग करतो, आणि त्याच्या अंत्ययात्रेसाठी वापरली आहेत ती ब्रूस लीच्या खऱ्या अंत्ययात्रेची दृश्ये. खरी शवपेटी आणि खरी रडणारी माणसे, सगळी खोट्या मरणाच्या कामी लावलेली.

त्याचे घर पाहावे म्हणून कौलून टाँगच्या कंबरलंड रोडवर गेलो. झाडांची सावली असलेला, श्रीमंती थाटाचा शांत रस्ता. ४१ क्रमांकाच्या त्या घरात पुढे तासाच्या भाड्याने खोल्या देणारे हॉटेल चाले. संग्रहालयाची बोलणी झाली, फिसकटली, आणि २०१९ साली घर पाडले गेले. तोतयांची चित्रे मात्र आजही हौशी लोक शोधून शोधून पाहतात.

त्या तोतयांपैकी हो चुंग-ताओचीच मला अधिक आठवण येते. तो चांगला लढे, अभिनयही त्याला बरा जमे. पण पाटी कायम दुसऱ्याची. शेवटी चित्रपट सोडून तो तैवानात मुलांना व्यायाम शिकवू लागला. २०२३ साली या मंडळींवर एक माहितीपट निघाला. त्यात ही म्हातारी झालेली माणसे कॅमेऱ्यापुढे बसून बोलतात. काळा चष्मा नाही, किंकाळी नाही. हो चुंग-ताओ त्यांच्यात आहे, आणि तो ब्रूस लीसारखा मुळीच दिसत नाही.