चरू द्या, पण बघत राहा

ब्रायटनची महापालिका शहरातल्या लोकांना मेंढ्या बघायला बोलावते. बघायला म्हणजे निव्वळ बघायला. चारायचे नाही, हाकायचे नाही, लोकर कातरायचा तर प्रश्नच नाही. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या या शहराच्या पाठीमागे खडूच्या टेकड्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच महापालिकेच्याच मालकीच्या. त्यांवर ठरावीक महिने मेंढ्या सोडतात. मेंढ्यांचा मालक असतो लांबचा शेतकरी, त्याला रोज येणे परवडत नाही. मग कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी परिचारिका, कुणी बसचालक आळीपाळीने टेकडी चढतात, कळप मोजतात, जनावरे धड आहेत ना ते पाहतात आणि कळवतात. त्यांना तिकडे ‘लुकरर’ म्हणतात. पूर्वी केंटमधल्या रोमनी मार्शच्या पाणथळ कुरणांत दुसऱ्याच्या मेंढ्या राखणारे पगारी ‘लुकर’ असत. त्यांच्या विटांच्या एकखणी झोपड्यांपैकी काही अजून उभ्या आहेत. आजचे हे लोक बिनपगारी, एवढाच फरक.

मी गवताळ माळांवर काम करणारी वनस्पतिशास्त्रज्ञ. शिक्षण पुण्यात झाले, काम आता ससेक्समध्ये. अशा स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात गवताचा तास माझ्याकडे असतो. मेंढ्यांचा तास अर्थातच मेंढपाळाकडे, आणि तो जास्त रंगतो.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हा सगळा प्रकार उलटा वाटतो. आपल्याकडे निसर्ग राखायचा म्हटले की पहिली पाटी लागते ती चराईबंदीची. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारच्या पंचसूत्रीत चराईबंदी होती, आणि उघड्याबोडक्या झालेल्या त्या डोंगरांना तिचा फायदाही झाला. मग राखीव जागेत मेंढ्या मुद्दाम का सोडायच्या?

उत्तर खडूच्या मातीत आहे. या टेकड्यांवर मातीचा थर पातळ, निकस आणि कोरडा. एकाच जातीच्या गवताला तिथे माजता येत नाही, म्हणून बुटक्या झाडोऱ्याची गर्दी होते. चांगल्या माळावर एका चौरस मीटरमध्ये 40 पर्यंत जातींच्या वनस्पती सापडतात: रानओवा, ऑर्किड, हॉर्सशू व्हेच, मेंढ्यांच्याच नावाने ओळखले जाणारे शीप्स फेस्क्यू गवत. पण हा माळ आपोआप टिकत नाही. चरणे थांबले की टॉर-ग्रास नावाचे राठ गवत पसरते, मग काटेरी ब्रॅम्बल, मग हॉथॉर्न. काही वर्षांत झुडपांचे रान होते आणि फुले त्याच्या सावलीत मरतात. म्हणजे हा माळ निसर्गाचा जितका, तितकाच शेकडो वर्षांच्या मेंढपाळांचा. दिवसा मेंढ्या टेकडीवर चारायच्या आणि रात्री खालच्या शेतात कोंडून तिथे लेंड्या पाडायच्या, ही तिथली जुनी शेतीपद्धत. कोंडायला हेझेलच्या फोकांचे विणलेले ताटवे वापरत. आपल्याकडचा धनगर शेतकऱ्याच्या रानात वाघर लावून मेंढरं बसवतो, ते हेच. ग्लाइंड गावच्या जॉन एलमनने अठराव्या शतकाच्या अखेरीस इथल्या साउथडाउन मेंढीची जात सुधारली तीही याच व्यवस्थेत. पुढे रासायनिक खत आले, लेंड्यांची गरज संपली. दुसऱ्या महायुद्धात अन्नधान्यासाठी माळ नांगरले गेले आणि युद्धानंतर अनुदान घेऊन नांगरणी चालूच राहिली. 1932 ते 1984 या काळात इंग्लंड-वेल्समधली सखल भागातली जवळजवळ 97 टक्के अर्धनैसर्गिक गवताळ कुरणे गेली. उरल्या त्या नांगर चढणार नाही अशा उभ्या उतारांच्या पट्ट्या.

त्या पट्ट्यांवर ससे होते म्हणून गवत आखूड राहत होते. 1953 मध्ये ब्रिटनमध्ये मिक्सोमॅटोसिस हा सशांचा रोग आला आणि दोन-तीन वर्षांत बहुतेक ससे मेले. यानंतर जे घडले ती गोष्ट मी प्रत्येक तुकडीला सांगते. लार्ज ब्लू नावाचे एक फुलपाखरू आहे. त्याची अळी आधी रानओव्याची फुले खाते, मग जमिनीवर पडते. एका विशिष्ट जातीची लाल मुंगी तिला आपलेच पिल्लू समजून वारुळात नेते. पाहुणी मुंग्यांची पिल्ले खात तिथे महिनोन् महिने राहते. हे फुलपाखरू कमी होत गेले तेव्हा सगळा राग संग्राहकांवर निघाला. काही ठिकाणी त्यांना रोखायला कुंपणे घातली गेली, त्या कुंपणांनी गुरेही बाहेर ठेवली आणि फुलपाखरू आतून नाहीसे झाले. जेरेमी थॉमस या संशोधकाने कारण शोधले: गवत दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा वाढले की माती गार पडते, ती लाल मुंगी निघून जाते, तिच्या जागी दुसरी येते आणि या दुसऱ्या मुंगीच्या वारुळात बहुतेक अळ्या जगत नाहीत. कोडे सुटेपर्यंत उशीर झाला होता. 1979 मध्ये लार्ज ब्लू ब्रिटनमधून नामशेष झाले. 1980 च्या दशकात स्वीडनहून अळ्या आणून, आधी चराई सुरू करून, ते परत वसवले. आज सॉमरसेटमधल्या कॉलर्ड हिलवर जूनमध्ये लोक ते बघायला जातात.

यावरून ‘मेंढी सोडा, फुलपाखरू मिळवा’ असे सूत्र मात्र काढू नये. मेंढीचे ओठ चिरलेले, दात बारीक. ती निवडून खाते आणि तिची पहिली निवड फुलाचा कळा. मे-जूनमध्ये जादा मेंढ्या ठेवल्या तर ऑर्किडचा हंगाम एका आठवड्यात पोटात जातो. म्हणून बहुतेक ठिकाणी त्या शरदात आणि हिवाळ्यात सोडतात, बिया पडून गेल्यावर. ब्रायटनजवळच्या कासल हिल राखीव क्षेत्रात वार्ट-बायटर नावाचा दुर्मीळ मोठा टोळ आहे. त्याला अंडी घालायला उघडी, उबदार माती लागते आणि लपायला जवळच गवताचे उंच झुबके लागतात. एकसारखे तासून काढलेले गवत त्याच्या कामाचे नाही. तेव्हा खरा प्रश्न चरावे की चरू नये हा नसतो. किती, केव्हा, कुठल्या तुकड्यात आणि कधी थांबवायचे, हा असतो. त्याचे उत्तर कार्यालयात बसून मिळत नाही. रोज टेकडीवर जाणाऱ्याला ते दिसते.

तर लुकरर नेमके काय बघतो? आधी मोजतो. मोजताना मेंढ्या हलतात, पुन्हा मोजतो. एक कमी भरली तर ती बहुधा ब्रॅम्बलच्या जाळीत लोकर अडकून उभी असते किंवा खळग्यात उताणी पडलेली असते. लोकर वाढलेली, पावसात भिजून जड झालेली किंवा गाभण मेंढी पाठीवर पडली की तिला स्वतःहून उठता येत नाही. पोटात वायू साठून ती काही तासांत मरू शकते, आणि त्याआधी कावळे डोळ्यांवर येतात. तिला कुशीवर वळवून उभे करायचे आणि लगेच सोडायचे नाही. पाय स्थिर होईपर्यंत धरून ठेवायचे, नाहीतर ती पुन्हा कोलमडते. प्रशिक्षणात ही एकच गोष्ट अशी की जिच्यासाठी सगळे उत्सुक असतात. प्रत्यक्षात ती वेळ क्वचित येते.

जास्त महत्त्वाच्या खुणा साध्या असतात. एखादी कळपापासून दूर उभी आहे, शेपूट सारखी झटकते, पाय आपटते, मान वळवून पाठ चावते, लोकरीवर ओलसर काळा डाग आहे: उबदार दिवसांत याचा अर्थ हिरव्या माशीने अंडी घातली. ती दिवसभराच्या आतही फुटतात आणि अळ्या जिवंत कातडी खाऊ लागतात. उद्या कळवू म्हणून चालत नाही. एखादी पुढचे गुडघे टेकून चरत असेल तर खूर सडलाय. पाण्याची डोण भरलेली आहे का, विजेच्या जाळीची बॅटरी चालू आहे का, हेही बघायचे. मी त्यात एक जादा काम घालते: लेंड्या उचकटून पाहा. जंताच्या काही औषधांचे अंश विष्ठेत उतरतात आणि शेणकिड्यांना मारतात. लेंड्या जशाच्या तशा वाळून पडल्या असतील तर मेंढपाळाला विचारायला हवे की औषध कोणते दिले. या कामाबद्दल माझ्यावर फारसे कुणी खूश नसते.

आणि कुत्री. मेंढ्यांना राखीव क्षेत्रात सगळ्यात मोठा धोका लांडग्याचा नाही, तो या देशात केव्हाच संपला. धोका शहरी पाळीव कुत्र्याचा. कुत्र्याने चावलेच पाहिजे असे नाही. नुसते पळवले तरी गाभण मेंढी गाभडते. 1953 च्या कायद्यानुसार मेंढ्या असलेल्या शेतजमिनीत कुत्रा मोकाट सोडणे हासुद्धा गुन्हा ठरू शकतो. पण टेकडीवर कायद्याचे पुस्तक चालत नाही. “आमचा काही करत नाही हो,” हे वाक्य पुण्याच्या तळजाईवर आणि ससेक्सच्या टेकडीवर त्याच सुरात ऐकू येते. तिथे उपयोगी पडतो तो रोज दिसणारा, त्याच रस्त्यावर राहणारा लुकरर. दोन शब्द हवामानाबद्दल बोलून मग पट्टा लावा म्हणणारा. वादावादीत पडायचे नाही, असे प्रशिक्षणातच बजावलेले असते.

हल्ली गळ्यात जीपीएस पट्टे बांधतात. नोफेन्स नावाची नॉर्वेजियन कंपनी असे पट्टे बनवते: जनावर ठरवलेल्या रेषेजवळ गेले की आधी सूर वाजतो, मग सौम्य झटका बसतो. तारेचे कुंपणच नको. सोय मोठी आहे. मला एवढेच दिसते की पट्टा मेंढी कुठे आहे ते सांगतो, तिच्या शेपटीखाली अळ्या पडल्यात हे सांगत नाही. हा खर्च वाचवायचा मार्ग म्हणून माणसे कमी केली तर नुकसान मेंढीचे आणि माळाचेही.

आता आपल्याकडे. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात 1982 मध्ये म्हशींची चराई बंद केली. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसे मेली. त्यानंतर तलावांत पाणगवत इतके माजले की पाणपक्ष्यांना मोकळे पाणी उरेना. बंदी चुकीची होती हे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून पुढे आले. हा धडा महाराष्ट्रातल्या गवताळ अभयारण्यांना, म्हणजे सोलापूरच्या नान्नजला, नगरच्या रेहेकुरीला, सुप्याच्या मयूरेश्वरला, जसाच्या तसा लावावा असे मी म्हणणार नाही. दख्खनचे गवत पावसाळ्यात वाढते आणि दसऱ्याच्या सुमारास बी धरते. नेमके त्याच चार महिन्यांत धनगरांचे वाडे कोकणातून परतून कोरड्या माळावर असतात. तेव्हा सरसकट चराई सोडली तर मारवेलसारखे रुचकर गवत बी धरायच्या आत संपते आणि कुसळी उरते. पण उलट बाजूही खरी आहे. कुरणाला पडीक जमीन समजून त्यावर ग्लिरिसिडियाची झाडे लावणे हे माळढोकाच्या आणि लांडग्याच्या दृष्टीने चराईपेक्षा वाईट. ती झाडे लावताना कुणी बंदीची पाटी लावली नाही.

आपल्याकडे लुकरर तयार करायची गरज नाही. धनगर मेंढरू मोजत नाही, बघून ओळखतो. लंगडणारी, फुगलेली, गाभडणारी त्याला लांबून कळते. उणीव आहे ती त्याच्या नजरेला राखीव क्षेत्राच्या कारभारात जागा नसण्याची. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना माझी विनंती आहे की जवळच्या वन्यजीव ट्रस्टकडे किंवा महापालिकेकडे चौकशी करा. मेंढ्या बघणारे लोक त्यांना नेहमी कमी पडतात. आणि वनखात्याने निदान एका अभयारण्यातल्या एका कुरणाचे तीन-चार तुकडे करावेत, एक तुकडा दरसाल बी पडेपर्यंत बंद ठेवावा, बाकीच्यांत ठरलेल्या संख्येने मेंढरे सोडावीत आणि जवळच्या महाविद्यालयाच्या मुलांना दर महिन्याला गवत मोजायला पाठवावे. यंदा कुठला तुकडा बंद ठेवायचा, हे मात्र आधी वाड्यावर जाऊन विचारावे.