रेंज गेल्यावर काय उरतं

पिरंगुटला पौडचा रस्ता सोडून लवासाच्या दिशेने निघालं की वाटेत उरवडे लागतं. भातखाचरं, त्यांना लागूनच पत्र्याच्या शेडमधले छोटे कारखाने, मधूनच एखादं फार्महाउस, आणि सुट्टीच्या दिवशी पुण्याहून येणाऱ्या गाड्या. या भागातल्या धंदेवाल्यांसाठी मी वेबसाइट आणि फोनवर चालणारी छोटी सॉफ्टवेअर बनवतो. इथे रेंज येते आणि जाते. रस्त्यावर बरी असते, शेडमध्ये शिरलं की पत्रा ती अडवतो. पावसाळ्यात वीज बराच वेळ गेली की टॉवरचाही भरवसा राहत नाही. म्हणून काम हातात घेतलं की मी आधी रंग, फोटो, बोधचिन्ह यांकडे बघतच नाही. रेंज गेल्यावर समोरच्या माणसाच्या पडद्यावर काय उरलं पाहिजे, एवढंच आधी ठरवतो. प्रोग्रेसिव्ह वेब ॲपचा धंद्याला फायदा होतो की नाही, हे माझ्या अनुभवात त्या ठरवण्यावर अवलंबून असतं.

नाव भारदस्त असलं तरी ही मुळात वेबसाइटच आहे. ब्राउझरमध्ये उघडते, हवी तर होम स्क्रीनवर ठेवता येते, आणि मग पत्त्याच्या पट्टीशिवाय ॲपसारखी चालते. २०१५ साली ॲलेक्स रसेल आणि फ्रान्सिस बेरिमन यांनी या प्रकाराला हे नाव दिलं. त्याच्या पोटात सर्व्हिस वर्कर नावाचा एक छोटा प्रोग्राम असतो. तो कारखान्याच्या गेटवरच्या वॉचमनसारखा उभा असतो. पान जे काही मागेल ते त्याच्या हातून जातं, आणि ते बाहेरून आणायचं की आधी आणून ठेवलेलं द्यायचं हे तो बघतो. काय आणून ठेवायचं, किती दिवस ठेवायचं आणि कधी टाकून द्यायचं, हे मात्र त्याला आपण सांगायचं असतं. माझं निम्मं काम या सांगण्यातच जातं.

मोठ्या कंपन्यांनाही या वाटेला यावं लागलं. २०१५ मध्ये मिंत्राने वेबसाइट बंद करून फक्त ॲप ठेवलं होतं, फ्लिपकार्टनेही फोनवरची साइट बंद करून लोकांना ॲपकडे वळवलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्लिपकार्ट ‘फ्लिपकार्ट लाइट’ घेऊन ब्राउझरमध्ये परतलं, आणि पुढच्या वर्षी मिंत्राची साइटही परत आली. फोनमध्ये जागा नसलेलं, डेटा जपून वापरणारं गिऱ्हाईक सोडून देणं त्यांनाही परवडलं नाही. मग वर्षातून दोनदा तांदूळ नेणाऱ्या गिऱ्हाइकाने आपल्यासाठी ॲप उतरवून घ्यावं, ही अपेक्षा आमच्या मुळशीतल्या दुकानदाराने कशाला ठेवायची?

तांदळाचं काम मला सगळ्यात जवळचं आहे. मुळशीचा आंबेमोहोर सुवासासाठी नावाजलेला, पण उतारा कमी आणि पीक लोळणारं. इंद्रायणी हा आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालेला वाण, १९८७ मध्ये आलेला. बाजारात एकाच्या नावावर दुसरा सहज खपतो, म्हणून घरचा तांदूळ विकणाऱ्याला आपली ओळख जपावी लागते. अशाच एका ताईंनी मला विचारलं होतं, “दादा, कोथरूडचं गिऱ्हाईक एकदा येतं, नंबर घेतं आणि हरवतं. ॲप केलं तर परत येईल का?” मी म्हटलं, “ताई, ॲप नको. पोत्यावर एक क्यूआर लावू. स्कॅन केलं की तुमचं पान उघडेल, आणि एकदा उघडलं की फोनमध्ये राहील.”

काय राहील, यावर आम्ही बराच वेळ बोललो. मला वाटत होतं भाव राहावा. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. “भाव नंतर विचारतात. आधी विचारतात, नवा की जुना?” नव्या तांदळाचा भात चिकट होतो, त्याला पाणी कमी लागतं. जुना मोकळा शिजतो. मऊ भात करायचा की मसालेभात, यावर सगळं ठरतं. म्हणून कुठला वाण, कुठल्या हंगामाचा, पाणी किती, ही माहिती फोनमध्ये कायम ठेवली. ती वर्षभर बदलत नाही. भाव बदलतो, म्हणून त्याच्याखाली ‘हा भाव अमुक तारखेचा’ असं ठळक लिहिलं. रेंज नसताना जुना भाव दिसला तरी तो जुना आहे हे दिसतं. बरीच ॲपं इथे गप्प बसतात. साठवलेली माहिती ताजी असल्यासारखी दाखवतात, आणि मग दारात आलेलं गिऱ्हाईक दुकानदारालाच खोटं ठरवतं. जुनी माहिती दाखवायला हरकत नाही, पण तिच्यावर तारीख-वेळ हवीच. या एका नियमाबाबत मी कोणाचं ऐकत नाही.

ऑर्डरचं गणित थोडं निराळं. गिऱ्हाइकाने बटण दाबलं आणि त्याच क्षणी रेंज गेली तर ऑर्डर फोनमध्येच थांबते आणि रेंज आल्यावर निघते. पण ती पोहोचली आणि पोच तेवढी परत आली नाही तर? फोन पुन्हा पाठवतो, आणि दहा किलोचे वीस किलो होतात. म्हणून प्रत्येक ऑर्डरला फोनवरच एक क्रमांक पडतो. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला की सर्व्हर ती नवीन धरत नाही. तोवर पडद्यावर ‘ऑर्डर मिळाली’ असं न लिहिता ‘पाठवायची बाकी आहे’ असं लिहितो. आकड्यांचीही एक गोष्ट आहे. मराठी कीबोर्डवरून लोक ‘१०’ लिहितात, आणि जावास्क्रिप्ट त्याला संख्या मानतच नाही. परदेशी नमुन्यावरून उचललेले फॉर्म इथे अडतात आणि गिऱ्हाइकाला वाटतं चूक आपली झाली. देवनागरी आकडे आधी बदलून घ्यायला दोन ओळी पुरतात. त्या लिहिल्या जात नाहीत, कारण लिहिणाऱ्याने मराठी कीबोर्ड कधी वापरलेलाच नसतो.

पैशांबद्दल खरं सांगायचं तर ॲप स्टोअरचं तीस टक्के कमिशन वाचतं, हा दावा तांदळाला लागूच होत नाही. ते कमिशन डिजिटल मालावर असतं, पोत्यावर नसतं. नोंदणीची फीही फार मोठी नाही: गूगलची एकदाच २५ डॉलर, ॲपलची वर्षाला ९९. खरा खर्च दोन वेगळी ॲपं सांभाळण्याचा आणि दर बदलाला मंजुरीसाठी थांबण्याचा. वेबवर मी दुपारी केलेली दुरुस्ती गिऱ्हाइकाने पुढच्या वेळी रेंजमध्ये पान उघडलं की पोहोचू लागते. छोट्या धंद्याला याचा उपयोग फार होतो.

कारखान्यांच्या शेडमधल्या कामात मात्र तारीख-वेळ लिहिण्याचा तो नियम फार गंभीर होतो. ७ जून २०२१ ला उरवड्यातल्या एका रासायनिक कारखान्याला आग लागली. पंधराहून अधिक कामगार गेले, त्यांत बहुतेक महिला होत्या. मृतदेहांची ओळख पटवायला डीएनए तपासणी करावी लागली. त्यानंतर या पट्ट्यात हजेरीचं सॉफ्टवेअर करताना मी ते फक्त पगाराच्या हिशेबासाठी करू शकलो नाही. मालकांना महिनाअखेरचा ओव्हरटाइम हवा असतो, तो मिळतोच. पण गेटवरच्या फोनचा पहिला पडदा मी एकाच गोष्टीसाठी ठेवतो: या क्षणी आत कोण आहे. नाव, विभाग, आत गेल्याची वेळ. कंत्राटदाराकडून आलेली माणसंही त्यात हवीत, कारण वहीतून सुटतात ती तीच. हा पडदा वीज आणि रेंज दोन्ही गेल्यावरही उघडला पाहिजे. यादी मालकाच्या आणि सुपरवायझरच्या फोनवरही उतरलेली असते, कारण गेटची केबिनच धोक्यात असेल तर तिथला फोन कोण आणणार? आणि त्या प्रत ठेवणाऱ्या फोनवर यादीच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, ही यादी किती वाजेपर्यंतची आहे. पाऊण तासापूर्वीची यादी आत्ताची समजून कोणी माणसं मोजली तर काय होईल, याचा विचार मला झोपू देत नाही.

हजेरीच्या पडद्याने आग विझत नाही, आणि त्याने शेडला दुसरा दरवाजा फुटत नाही. तो दरवाजा भिंतीतच काढावा लागतो. हे मी मालकांना काम घेण्याआधीच सांगतो.

आयफोनवर अजून अडचणी आहेत. सर्व्हिस वर्कर तिथे मार्च २०१८ मध्ये आला, सूचना पाठवण्याची सोय थेट मार्च २०२३ मध्ये, तीही होम स्क्रीनवर ठेवलेल्या ॲपलाच. साइट नुसती सफारीत उघडून ठेवली आणि सफारी वापरत असतानाही सात दिवस तिच्याकडे फिरकलं नाही, तर साठवलेली माहिती पुसली जाऊ शकते. रेंज आल्यावर मागच्या मागे माहिती पाठवण्याची सोयही सफारीत नाही, ॲप पुन्हा उघडावं लागतं. म्हणून गेटवर मी साधा अँड्रॉइड फोन सुचवतो, आणि आयफोनवाल्या सुपरवायझरच्या शेजारी बसून चिन्ह होम स्क्रीनवर ठेवून देतो. कसं करायचं ते लिहून पाठवलं तर लोक करत नाहीत.

एका मालकांनी सगळं सुरळीत चालल्यावर विचारलं, “आता गेटवरची वही बंद करू का?” मी नको म्हटलं. फोन पडतो, पाण्यात जातो, चार्ज संपतो. वही चालू आहे. संध्याकाळी वॉचमन आणि सुपरवायझर दोन्हींतली नावं जुळवतात, आणि न जुळलेल्या नावाची चौकशी घरी जाण्याआधी करतात.