न फिरवल्यामुळे

लहानपणी घाटनांदूरच्या घरी ओसरीवर बसून आम्ही भावंडे एकमेकांना एक कोडे घालत असू : भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला? तिन्हींचे उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. भाकरी आणि विड्याची पाने घरात होती. घोडा मात्र कोड्यातच उरला होता. तो तिथे कसा गेला, हे मला पन्नाशीत कळले, आणि तेही संगणकावरच्या एका खेळामुळे.

खेळ साधा आहे. डोंगराच्या कुशीतले एक कुरण आणि काही घोडे. सकाळी तबेला झाडायचा, खरारा करायचा, चारापाणी द्यायचे, मग एखाद्याला ओढ्याकाठाने रपेटीला न्यायचे. शत्रू नाही, हार नाही. उत्तरपत्रिका तपासून थकल्यावर मी तो तासन्‌तास खेळतो, हे सांगताना मास्तरकीला थोडा संकोच होतो खरा.

अशा खेळांची एक मोठी परंपरा जपानपासून सुरू होते. 1996 साली यासुहिरो वाडा यांनी 'बोकुजो मोनोगातारी', म्हणजे 'कुरणाची गोष्ट', हा खेळ केला; जगभर तो 'हार्वेस्ट मून' या नावाने गेला. वाडा मियाझाकीच्या ग्रामीण भागात वाढले आणि गावाचे मोल त्यांना तोक्योत राहू लागल्यावर उमगले. थोडक्यात, मुळाशी स्मरणरंजन. ग्रामीण साहित्याच्या चर्चेत हा शब्द आपण बहुधा नापसंतीनेच उच्चारतो. मीही वर्गात तो तसाच वापरत आलो आहे.

गेल्या दिवाळीत गावी मी पडद्यावरच्या तांबड्या घोडीला खरारा करत असताना आबा, म्हणजे माझे वडील, खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"हिला वैरण कुठनं येती रं?"

"दुकानात मिळते. कायम."

"अन् पाऊस नाही पडला तर?"

"पडतोच, आबा."

ते हसले नाहीत. बऱ्याच वेळाने बोलू लागले. आजोबांनी माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून एक घोडी आणली होती. अंबाजोगाईच्या बाजाराला ते तिच्यावरूनच जात. 1972 च्या दुष्काळात दावणीला कडबा उरला नाही. बैल जगवले तर पुढे पेरणी होणार होती. घोडी ही चैन ठरली. आजोबा तिला विकायला घेऊन निघाले आणि गावच्या शिवेवर ती अडली. रोज फिरवलेली घोडी अडली. चौदा वर्षांच्या आबांनी तिला मागून रेटले.

"ह्याच हातानं," ते म्हणाले.

मग मला आठवले, आम्ही ते कोडे घालू लागलो की आजोबा ओसरीवरून उठून जात. आम्हाला वाटे, त्यांना पोरांचा गलका सोसत नाही.

बालाघाटाच्या या कोरड्या माथ्यावर जनावरावरच्या मायेला वैरणीचा हिशेब कधी सुटला नाही. कुणाला ठेवायचे आणि कुणाला दावे सोडून द्यायचे, हे पाऊस ठरवी. खेळाने तेवढा हिशेब काढून टाकला आहे आणि माया शिल्लक ठेवली आहे. समीक्षेच्या भाषेत याला पलायन म्हणता येईल. पण आजोबांना एक दिवस तरी अशी निर्धास्त माया करायला मिळाली असती, तर तिला पलायन म्हणण्याचा अधिकार मला असता का?

मी आबांना माऊस दिला. थरथरत्या हाताने त्यांनी घोडीला ओढ्याकाठी नेले, टेकडी ओलांडली. पुढे नकाशा संपतो. तिथे घोडी थांबते, काही केल्या पाऊल टाकत नाही. मी सांगायला गेलो की खेळाची हद्द संपली, मागे वळवा.

त्यांनी माऊसवरून हात काढून घेतला.

"राहू दे," ते म्हणाले. "थांबली तर थांबू दे तिला."