गवताची मोजदाद

मोजदादीच्या कामांत आम्हांला कधींच गोडी नव्हती. धोब्याकडून परत आलेले कपडे वहीशीं ताडून पाहण्याचें काम आमच्या घरीं दुसऱ्या कोणाकडे आहे, आणि तें तसेंच राहावें अशी आमची इच्छा आहे. असें असतांहि लक्षद्वीपांतील अगत्ती बेटावर एका हिवाळ्यांत आम्ही सलग बारा दिवस होडींत बसून शून्यें लिहीत होतों, हें आमच्या ओळखीच्या मंडळींना खरें वाटत नाहीं. एका संशोधक स्नेह्याला त्याच्या पाहणीसाठीं लेखनिक पाहिजे होता. अक्षर चांगलें असावें आणि बोट लागूं नये, एवढ्याच त्याच्या दोन अटी. त्यांपैकीं पहिली आम्ही पुरी करीत होतों.

अगत्ती बेट सुमारें साडेसात किलोमीटर लांब. रुंदी मात्र जेमतेम एक किलोमीटर. दक्षिणेकडे तें इतकें निमुळतें होत जातें कीं विमान उतरूं लागलें म्हणजे दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून समुद्रच दिसतो, आणि धांवपट्टी आहे तरी कोठें, असा प्रश्न भित्र्या माणसाला पडतो. या चिंचोळ्या पट्टीवर, २०११ च्या शिरगणतीप्रमाणें, साडेसात हजारांहून अधिक माणसें राहतात. पश्चिमेस प्रवाळांचा बांध आहे. बांधाबाहेर काळपट निळा, खोल समुद्र; आंत पाचूच्या रंगाचें उथळ खारकच्छ. अशा रचनेला कंकणद्वीप म्हणतात. ज्वालामुखीचें बेट हळूहळू खालीं बसत जातें, त्याच्या कडेनें प्रवाळ वर वाढत राहतात, आणि शेवटीं डोंगर बुडून भोंवतालचें कडें तेवढें उरतें, असा उलगडा डार्विननें १८४२ सालीं केला. येथें जी वाळू आपण चपलांतून झटकून टाकतों, तीहि बहुतेक प्रवाळांचा आणि शिंपल्यांचाच चुरा असते.

काम असें होतें. खारकच्छाच्या तळाशीं पन्नास मीटरांची फीत पसरावयाची, तिच्या कडेनें ठराविक अंतरावर अर्ध्या मीटरची चौकट टाकावयाची, आणि त्या चौकटींत समुद्री गवताचे कोंब किती, पातीं किती उंच, हें पाण्यांतल्या माणसानें पाटीवर लिहून वर द्यावयाचें. आम्हीं तें वहींत उतरून घ्यावयाचें. मध्येंच एखादें कासव श्वासासाठीं वर आलें तर त्याची नोंद वेगळ्या रकान्यांत. चौकट कोठें पडणार हें आधींच ठरलेलें असे. डोळ्यांना बरें दिसेल तेथें ती सरकवितां येत नाहीं, असें आम्हांला पहिल्याच दिवशीं बजावण्यांत आलें.

कासवांच्या रकान्याविषयीं आम्हांला विशेष उत्सुकता होती. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास गांवीं चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनें २००२ सालीं कासवांच्या अंड्यांच्या रक्षणाचें काम सुरू केलें. तेथें एका पहांटे टोपली उलटी होतांच तळहातावर मावणारीं पिलें समुद्राकडे धांवूं लागलीं, तेव्हां बरोबरच्या मुलांपेक्षां आम्हीच अधिक सद्गदित झालों होतों. वेळासचीं कासवें खेकडे-शिंपले खाणाऱ्या जातीचीं. अगत्तीचें हिरवें कासव वयांत आलें कीं बहुतांशीं गवतावर राहतें. हा भेद आम्ही पुस्तकांत वाचला होता; पण त्याकडे विशेष लक्ष दिलें नव्हतें.

पहिलें कासव वर आलें तेव्हां आम्ही लहान मुलासारखे ओरडलों. होडी चालविणारे वृद्ध गृहस्थ, ज्यांना आम्ही चाचा म्हणत असूं, कांहीं बोलले नाहींत. तिसऱ्या दिवशीं मात्र त्यांना राहवेना. ते मलयाळींत कांहीं म्हणाले आणि बरोबरच्या तरुणानें तें संकोचानें हिंदींत सांगितलें: "तुमच्याकडे शेतांत गुरें शिरलीं तर लोक असेच आनंदानें ओरडतात काय, असें विचारताहेत."

मग हळूहळू सर्व कथा बाहेर आली. चाचांच्या तरुणपणीं या खारकच्छांत गवताचीं दाट कुरणें होतीं. ओहोटी लागली कीं बायकामुलें जाळीं घेऊन उतरत आणि संध्याकाळच्या कालवणापुरते मासे घेऊन येत. पूर्वी कासवांची शिकार होई, त्यांची चरबी होड्यांच्या फळ्यांना चोळीत. कायदा आला आणि तें बंद झालें. या शतकाच्या पहिल्या दशकांत कासवें येथें कळपांनीं जमूं लागलीं. कोंवळीं पातीं अधिक सकस, म्हणून कासव कुरतडलेल्याच जागीं पुनःपुन्हां येतें; पातीं संपलीं कीं वाळू उकरून मुळें खातें. अगत्तीचें कुरण उजाड झाल्यावर कळप दुसऱ्या बेटांच्या कुरणांकडे वळले. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय निबंधांत हाच क्रम बेटामागून बेट असा नोंदलेला आहे. चाचांनीं तो निबंध वाचलेला नाहीं. पण त्यांच्या सांगण्यांत आणि त्यांत फरक असलाच तर तो संतापाचा.

आम्ही रागानें कासवाकडे पाहूं शकलों नाहीं. मनुष्यानें जगभर ज्याला खाऊन निःशेष करीत आणलें, तें एका ठिकाणीं चार घांस जास्त खातें म्हणून त्याला दरोडेखोर कसें म्हणावें? परंतु निसर्ग आपोआप सांवरून घेईल, असें चाचांना सांगण्याचें धाडसहि आम्हांला झालें नाहीं. गवताचीं मुळें वाळू धरून ठेवतात. शेजारच्या बंगारम कंकणांतील परळी नांवाचें एक चिमुकलें निर्जन बेट समुद्रांत विरून गेल्याचें २०१७ सालीं जाहीर झालें, आणि १९९८, २०१०, २०१६ व २०२४ सालीं पाणी तापून या द्वीपांतील प्रवाळ पांढरे पडले. बांध दुबळा होत असतां आंतली वाळूहि मोकळी सुटणें ही कांहीं किरकोळ गोष्ट नव्हे.

कायद्याचा मात्र येथें मोठा चमत्कार होतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत हिरवें कासव आहे. २००१ पासून बांध घालणारे प्रवाळहि आहेत. गवत तेथें नाहीं. किनाऱ्याच्या नियमनासाठीं २०११ सालीं निघालेल्या अधिसूचनेंत त्याच्या कुरणांना नाजूक क्षेत्र म्हटलें आहे, पण तें मनुष्याच्या बांधकामापासून जपण्यासाठीं; कासवाच्या चोंचीपासून नव्हे.

नवव्या दिवशीं, शून्यांचें एक पान संपत आलें असतां, पाण्यांतून आनंदाची हांक आली. चौकटीपासून हातभर अंतरावर गवताचा एक झुबका उभा होता, परातीएवढा असेल. चौकट किंचित् सरकवावी, असें आमच्या मनांत आलें. खरें सांगावयाचें तर आम्हीं तसें सुचविलेंहि. स्नेह्यानें नुसती मान हालविली. आम्हीं शून्य लिहिलें.

चाचांनीं मात्र ती जागा किनाऱ्यावरचीं दोन माडें धरून डोळ्यांत ठेविली होती. संध्याकाळीं ते आमच्या खोलीवर आले. जुन्या जाळ्याचा पिंजरा करून त्या झुबक्यावर बसवावा, वर्षभर कासवाला तोंड घालूं देऊं नये आणि काय होतें तें पाहावें, असा त्यांचा विचार होता. स्नेही म्हणाला, परवानगी लागेल, अर्ज करा. अक्षर चांगलें म्हणून तें काम अर्थात् आमच्याकडे आलें.

जागा, आकार, मुदत, हेतु, हें सर्व आम्हीं भराभर लिहिलें. संरक्षण कोणापासून पाहिजे, येथपर्यंत येऊन आम्ही थांबलों. चाचांना इंग्रजी वाचतां येत नव्हतें, तरी आम्ही कोठें अडलों तें त्यांना कळलें असावें.

"लिहा," ते म्हणाले. "आणि जाळ्यांत त्याचा पाय अडकूं देणार नाहीं, हेंहि लिहा."